रात्रीचा उजेड

(प्रस्तावना)

ईस्टरच्या आदल्या रात्री व्हायची प्रकाशाची उपासना कित्येक शतके शनिवारी सकाळी होत असे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींत हा जागर रात्रभर चालायचा. मध्ययुगात तो हळूहळू अलीकडे सरकत गेला, संध्याकाळवर आला, दुपारवर आला आणि शेवटी सकाळवर येऊन थांबला. खिडक्यांतून ऊन आत आलेले असताना धर्मगुरू नवा अग्नी पेटवत, मोठी मेणबत्ती लावत आणि त्या रात्रीची थोरवी गाणारे प्राचीन स्तोत्र म्हणत. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी ही उपासना पुन्हा रात्री करून पाहायला परवानगी दिली आणि १९५५ च्या सुधारणेने ती सगळीकडे रात्रीच व्हावी असे ठरले.

या पुस्तकातले सगळे लेख त्या एका निर्णयाभोवती फिरतात, असे म्हटले तरी चालेल. ख्रिस्ती श्रद्धेतला प्रकाश रात्रीचा आहे, आणि रात्र वगळली की त्याची शोभेची रोषणाई होते, असे मला वाटत आले आहे. शुभवर्तमाने या दृष्टीने वाचून पाहावीत. बेथलेहेमच्या मेंढपाळांना वार्ता कळते ती रात्री, कळप राखताना. निकदेम येशूकडे येतो तो रात्री. शेवटच्या भोजनातून यहूदा उठून जातो तेव्हा बाहेर रात्र होती, हे योहान आवर्जून नोंदवतो. क्रुसावरच्या मरणाच्या वेळी भर दुपारी काळोख पसरतो. मग्दालीया मरीया कबरेपाशी पोहोचते तेव्हा अजून उजाडलेले नसते. पुनरुत्थान घडताना कोणीही पाहिले नाही. माणसांना दिसली ती बाजूला झालेली धोंड आणि रिकामी कबर.

पवित्र शनिवारच्या रात्री वसईतल्या, मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये शिरताना पाय चाचपडतो. सगळे दिवे मालवलेले असतात. पवित्र भाकर ठेवायची पेटी रिकामी असते आणि एरवी वर्षभर तिच्याजवळ तेवणारा दिवाही विझलेला असतो. लोक बाहेर आवारात जमतात. तिथे शेकोटी पेटवतात. धर्मगुरू त्या आगीला आशीर्वाद देतात आणि पास्काच्या उंच मेणबत्तीवर क्रूस कोरतात. क्रुसाच्या वर आणि खाली ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर येते, चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे येतात आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे खोचले जातात. चालू वर्षाचे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. अनादी-अनंताच्या दोन अक्षरांमध्ये हे साल येते. पावसाने दगा दिलेले, घरातले कोणी गेलेले, कोणाच्या लेकराला नोकरी न लागलेले असे हे साल त्या मेणात कोरले जाते आणि त्याच्याच वर ज्योत पेटते.

मग ती एकच ज्योत काळोख्या चर्चमध्ये शिरते. वाटेत तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो आणि लोक देवाचे आभार मानून उत्तर देतात. दुसऱ्या घोषानंतर लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटू लागतात. इथे कोणी खिशातून काडेपेटी काढत नाही. पुढच्याने मागच्याला द्यायचे, त्याने शेजारच्याला. ज्याच्याशी वर्षभर बोलणे नव्हते तोच कधी शेजारी उभा असतो आणि त्याच्याकडूनच ज्योत घ्यावी लागते. त्यानंतरच्या स्तोत्रात मेण देणाऱ्या मधमाश्यांच्या कामाचाही उल्लेख येतो. इतक्या गंभीर, इतक्या उंच गाण्यात त्या लहान जिवांना जागा मिळाली याचा मला दर वर्षी नव्याने आनंद होतो.

हीच मेणबत्ती पुढे वर्षभर वापरतात. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप किंवा धर्ममातापिता तिच्यावरूनच बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात. कोणी वारले की शवपेटीजवळ तीच उभी असते. एका माणसाच्या येण्याला आणि जाण्याला तोच उजेड साक्षी असतो. ज्या घरातले माणूस त्या वर्षी गेले, त्या घरातली मंडळी पवित्र शनिवारी मेणबत्तीकडे कशी पाहतात, हे शेजारी बसणाऱ्याला न सांगता कळते.

ज्योत आपली नसते, ती घ्यावी लागते, ही समज फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमेला गेली. तिच्या प्रवासवर्णनाची एक प्रत १८८४ साली इटलीत अरेझ्झो इथे सापडली. रोजच्या सायंप्रार्थनेत दिवे कसे लागत हे ती सांगते. त्यासाठी अग्नी बाहेरून आणत नसत. ख्रिस्ताच्या कबरेच्या गुहेत एक दिवा रात्रंदिवस तेवत असे आणि त्याच्यावरून सगळे दिवे लागत. जिथे मरण ठेवले होते तिथूनच उजेड घ्यायचा, ही त्या प्रार्थनेची रीत होती. आजही पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी पवित्र शनिवारी त्याच जागी जमतात आणि कबरेतून बाहेर आलेली ज्योत हातोहात पसरते.

पवित्र शास्त्र स्वतः प्रकाशाविषयी काय सांगते, हे नीट पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य, चंद्र, तारे चौथ्या दिवशी. प्रकटीकरणाच्या अखेरीस जे नगर दिसते तिथे सूर्याची किंवा दिव्याची गरज उरलेली नाही. म्हणजे सूर्याच्या आधी प्रकाश आहे आणि सूर्याच्या नंतरही. ज्या लोकांच्या भोवती सूर्याला देव मानणारी मोठी साम्राज्ये होती, त्यांनी हा क्रम जाणून लिहिला आहे. चर्चलाही हा फरक जपावा लागला. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची रोममधली नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते. दिवस वाढू लागतात त्या सुमाराची ही तारीख. पाचव्या शतकात रोमचे बिशप लिओ यांनी, संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहून उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना बजावले होते. ३२५ साली निकायाच्या परिषदेत पुत्राचे पित्याशी नाते सांगताना प्रकाशाचीच उपमा निवडली गेली. ज्या प्रकाशाची इथे गोष्ट आहे तो आकाशातला गोळा नव्हे, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते.

योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग मला या विषयाचा गाभा वाटतो. यहुद्यांच्या मंडपांच्या सणात यरुशलेमेच्या मंदिरात, स्त्रियांच्या अंगणात, सोन्याचे प्रचंड दीपस्तंभ पेटवले जात. मिश्ना या प्राचीन यहुदी ग्रंथात त्याचे वर्णन आहे. याजकांच्या जुन्या, झिजलेल्या वस्त्रांच्या वाती करत आणि त्या उजेडात शहरातले एकही अंगण काळोखात राहत नसे, असे तिथे म्हटले आहे. रानातून चाळीस वर्षे वाट दाखवणाऱ्या अग्निस्तंभाची आठवण त्या सणामागे होती. योहान याच सणाच्या वर्णनानंतर, याच परिसरात, येशूच्या तोंडी आपण जगाचा प्रकाश असल्याचे ते प्रसिद्ध विधान घालतो. लगेच पुढच्या अध्यायात येतो एक जन्मांध माणूस. येशू थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. २००४ साली झालेल्या उत्खननात त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या उघड्या झाल्या. त्या पायऱ्या चाचपत उतरणारा तो माणूस डोळ्यांपुढे आणावा. त्याला दिसू लागते आणि तिथूनच त्याच्या अडचणी सुरू होतात. शेजारी ओळख नाकारतात, आईबाप घाबरून अंग काढून घेतात, परूशी उलटतपासणी करतात आणि शेवटी त्याला सभास्थानातून हाकलून देतात. ज्याला प्रकाश मिळाला तोच बाहेर पडला. योहानाने ही गोष्ट एवढी सविस्तर सांगितली आहे, कारण त्याच्या मंडळीतल्या लोकांना बाहेर काढले जाणे काय असते ते माहीत असावे.

याच कथेच्या आरंभी शिष्य विचारतात की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या. येशू दोन्ही नाकारतो. हे उत्तर चर्चने पुरेसे ऐकले नाही, असे मी दुःखाने म्हणतो. अंधत्व म्हणजे अश्रद्धा, दृष्टी म्हणजे श्रद्धा, अशी भाषा प्रवचनांत सहज येते आणि समोरच्या बाकावर बसलेल्या अंध माणसाच्या काळजाला ती लागते. म्हणून या पुस्तकात मी ती टाळली आहे. महाराष्ट्रात या बाबतीत आपल्याकडे चांगला वारसा आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुली आणि स्त्रियांना आसरा होता आणि रमाबाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना ब्रेल लिपी शिकवण्यात पुढाकार घेतला. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तिथे अक्षरे बोटांनी वाचली जात. शास्त्रातला प्रकाश डोळ्यांवाचून पोहोचतो, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या बोटांनी अधिक स्पष्ट केले.

आता वाट दाखवण्याविषयी. प्रकाश म्हणजे मार्गदर्शन, असे आपण पटकन म्हणतो आणि मनात येतो तो लांबवर सगळा रस्ता उजळणारा दिवा. शास्त्रातले दिवे तसे नाहीत. स्तोत्रसंहितेच्या एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात देवाच्या वचनाला पावलांसाठीच्या दिव्याची उपमा दिली आहे. तो काळ तळहातावर मावणाऱ्या मातीच्या पणतीचा. तिच्या उजेडात पुढचे एखादे पाऊल दिसते, त्यापुढचे ते टाकल्यावर. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना तारा दिसला, पण ते आधी पोहोचले यरुशलेमेत, हेरोदाच्या राजवाड्यावर. बेथलेहेमचे नाव त्यांना ताऱ्याने सांगितले नाही. ते मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथावरून, शास्त्र्यांना विचारून कळले. आणि ज्या शास्त्र्यांना गाव ठाऊक होते ते स्वतः तिकडे गेलेच नाहीत. मत्तयाने ही गोष्ट एवढ्या कमी शब्दांत सांगितली आहे की वाचताना ती निसटून जाते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला जो प्रकाश दिसला त्याने तर त्याचे डोळेच गेले. तीन दिवस त्याला काही दिसत नव्हते. शहरात त्याला हात धरून न्यावे लागले. पुढे हनन्या नावाचा शिष्य त्याच्याकडे गेला, मनातून घाबरत गेला, आणि त्याने त्याला भाऊ म्हणून हाक मारली. मग दृष्टी आली. आकाशातल्या प्रकाशाने शौलाला थांबवले. पुढची वाट एका भेदरलेल्या माणसाने दाखवली.

१८३३ च्या उन्हाळ्यात जॉन हेन्री न्यूमन हा तरुण इंग्रज धर्मगुरू सिसिलीत तापाने मरता मरता वाचला. घरी परतायची घाई होती, पण जहाज मिळत नव्हते. अखेर पालेर्मोहून संत्री घेऊन मार्सेलला निघालेल्या एका गलबतावर जागा मिळाली आणि कॉर्सिका व सार्डिनिया यांच्यामधल्या सामुद्रधुनीत वारा पडून ते गलबत अडकून राहिले. त्या अडकलेपणात १६ जूनला त्याने आपली प्रसिद्ध प्रार्थना-कविता लिहिली. घरापासून दूर, काळोखात असलेला माणूस कोमल प्रकाशाला विनवतो, आणि दूरचे दृश्य मागत नाही, एक पाऊल पुरे म्हणतो. त्याच्या आयुष्यात पुढे काय वाढून ठेवले होते हे त्याला तेव्हा दिसले असते तर तो कदाचित किनाऱ्यावर उतरलाच नसता. १८४५ साली त्याने आपले चर्च, आपले विद्यापीठ, आपले मित्र सोडून कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला. महात्मा गांधींना ही कविता अतिशय प्रिय होती. नरसिंहराव दिवेटिया यांनी तिचे गुजराती रूप केले आणि ते आश्रमाच्या प्रार्थनेत गायले जाई. वारा पडलेल्या गलबतावरची एका इंग्रजाची विनवणी साबरमतीच्या काठी गायली गेली, ही मला या साऱ्या विषयातली फार मोठी घटना वाटते.

एक पाऊलही दिसत नाही तेव्हा काय? हा प्रश्न टाळून आशेवर लिहू नये. सोळाव्या शतकात क्रुसाचे संत जॉन यांना त्यांच्याच संन्यासी बांधवांनी टोलेडोत कोंडून ठेवले होते, डिसेंबर १५७७ पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत. त्या कोंडवाड्यातून त्यांची रात्रीवरची कविता आणि चिंतन पुढे आले. आपल्या काळातले उदाहरण मदर तेरेसांचे. २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कोलकात्यातले काम सुरू झाल्याच्या सुमारापासून मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आत काळोखच जाणवत होता. प्रार्थनेला उत्तर येत नव्हते. तरी त्या रोज पहाटे उठत होत्या, मरणाऱ्यांना धुवत होत्या, हसत होत्या. ती पत्रे वाचून काहींची श्रद्धा हलली. माझ्या ओळखीच्या कित्येकांना मात्र त्यांनी धीर दिला, विशेषतः दीर्घ आजारात माणसाची सेवा करणाऱ्यांना. आशा ही भावना असती तर ती त्या बाईंकडे पन्नास वर्षे नव्हती. त्यांच्याकडे होते ते रोजचे काम आणि ज्याला वचन दिले त्याच्यावरची निष्ठा. या पुस्तकात जिथे जिथे आशा हा शब्द येतो तिथे तो या अर्थाने घ्यावा, अशी विनंती आहे.

मराठी वाचकाशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी लिखाणात आपला देश अंधारात बुडालेला आणि प्रकाश बोटीतून येणारा, असे चित्र पुष्कळदा येते. त्यात शाळा, दवाखाने, दुष्काळातली सेवा यांचे खरे कष्टही आहेत आणि ते मी कृतज्ञतेने मानतो. पण ते चित्र खोटे होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. ज्या घरात अभंग झिरपले होते तिथे त्यांना अंधार दिसला नाही. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापले तेव्हा मराठी ओवीचाच आधार घेतला होता. खरा प्रकाश प्रत्येक माणसाला उजळतो, असे योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो, आणि त्यात तो कोणाला वगळत नाही. दिवाळीत माझ्या शेजारच्या उंबऱ्यावर लागणाऱ्या पणतीला मी या वाक्याच्या बाहेर ठेवू शकत नाही.

प्रकाशाची खूण हातात धरल्याने प्रत्यक्ष काही बदलते का, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी लाइपझिगवर एक स्वतंत्र लेख आहे. पूर्व जर्मनीतल्या या शहरात संत निकोलसच्या चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. कधी मोजकी माणसे, कधी चर्च भरलेले. ९ ऑक्टोबर १९८९ ला सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले. सशस्त्र दले तयार होती, रुग्णालयांना सूचना गेल्या होत्या. लोकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. मेणबत्ती घेऊन चालायचे तर एका हाताने ती धरावी लागते आणि दुसऱ्याने वाऱ्यापासून जपावी लागते. दगडासाठी हात मोकळा राहत नाही. त्या रात्री गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. त्याच्या आदल्या वर्षी, २५ मार्च १९८८ ला, ब्रातिस्लाव्हात श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी असेच लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले होते आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले. त्या मेणबत्त्या विझल्या. दोन्ही गोष्टी एकाच लेखात आहेत आणि तशाच, एकत्र, वाचाव्यात.

पुस्तकाचा क्रम उपासनेच्या वर्षाप्रमाणे आगमनकाळापासून लावता आला असता. मी तो पवित्र शनिवारापासून लावला आहे. त्यामागून बाप्तिस्मा, सायंप्रार्थना, शिमोनाच्या भेटीचा फेब्रुवारीतला सण आणि मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर येतो. आगमनकाळाचे चार लेख अखेरीस आहेत, चार रविवारी एकेक वाढत जाणाऱ्या चार मेणबत्त्यांवर. ज्यांच्या घरी सध्या आजारपण किंवा दुखवटा असेल त्यांनी नोव्हेंबरच्या लेखापासून सुरुवात करावी. तो मी अशाच घरांसाठी लिहिला आहे. तो मोठ्याने वाचता येईल एवढाच लांब ठेवला आहे आणि वाचणाऱ्याला मध्येच थांबावे लागले तर जिथे थांबता येईल अशा जागाही त्यात सोडल्या आहेत.